सिहेनाचा राणीमठ आणि त्याचा अपुरा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की पडक्या भिंती, नव्याने घडविलेले दगड, चुन्याची घाणी, शिखर, कळस आणि देणगीदारांची यादी एवढ्या गोष्टी प्रथम मनात येतात. वास्तू उभी राहिली, कळस चढला, म्हणजे कार्य सिद्धीस गेले असे आपण मानतो. परंतु वास्तू उभी राहिली तरी तिचे वैभव परत आले नाही, तर जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल काय? हा प्रश्न स्पेन देशातील एका लहानशा खेड्यापुढे कित्येक वर्षे उभा राहिला. त्या खेड्याचे नाव विल्यानुएवा दे सिहेना. गावाजवळ संन्यासिनींचा एक प्राचीन मठ आहे. त्याचा इतिहास देवस्थानाच्या कामात रस घेणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे.

स्थान आणि आख्यायिका

स्पेनच्या ईशान्येस आरागोन नावाचा प्रांत आहे. पूर्वी हे स्वतंत्र राज्य होते. त्याच्या उएस्का जिल्ह्यात मोनेग्रोस नावाचा रुक्ष मुलूख पसरलेला आहे. पाऊस थोडा, उन्हाळा कडक, हिवाळ्यात बोचरे वारे. आपल्याकडील अवर्षणग्रस्त भागाची आठवण व्हावी असा हा प्रदेश. मात्र अल्कानाद्रे नदीच्या काठी थोडी हिरवळ आढळते. तेथेच हे गाव वसले आहे. वस्ती पाचशेहूनही कमी. मठ गावापासून थोड्या अंतरावर सखल जागी आहे. पूर्वी ही जागा दलदलीची होती.

अशा ओलसर जागी एवढी मोठी वास्तू का बांधली, याचे उत्तर गावची आख्यायिका देते. या दलदलीत मेरीमातेची मूर्ती सापडली. लोकांनी ती गावात आणून देवळात ठेवली. पण मूर्ती पुन्हा पुन्हा मूळ जागी जाऊन बसू लागली. तेव्हा देवीला हेच स्थान मानवते असे समजून मठ तेथेच बांधला गेला. देवाने आपली जागा आपणच निवडल्याच्या अशा कथा आपल्याकडेही गावोगाव ऐकावयास मिळतात. श्रद्धेची ही रीत देशोदेशी सारखीच दिसते. जमिनीतील ओल मात्र मठाला कायमची चिकटली. आठशे वर्षांत भिंतींची जी हानी झाली, तिचे एक कारण ही ओल होय.

राणी सांचा

मठाची स्थापना आरागोनची राणी सांचा हिने केली. ही कास्तील राज्याची राजकन्या. आरागोनचा राजा दुसरा अल्फोन्सो याच्याशी तिचा विवाह सन ११७४ मध्ये झाला. सिहेनाची जागा त्या वेळी सेंट जॉनच्या पंथाच्या ताब्यात होती. जेरुसलेमच्या यात्रेकरूंची शुश्रूषा करण्यासाठी निघालेला आणि पुढे शस्त्रधारी झालेला हा पंथ. राणीने बदल्यात दुसरी मालमत्ता देऊन ही जागा मिळविली आणि त्याच पंथाच्या स्त्रियांसाठी मठ उभारला. सन ११८८ च्या एप्रिल महिन्यात पहिल्या संन्यासिनींनी येथे दीक्षा घेतली. मठासाठी तयार केलेल्या नियमावलीस सन ११९३ मध्ये पोपची मान्यता मिळाली.

सन ११९६ मध्ये राजा वारला. पुढे राणीने याच मठाचा आश्रय घेतला आणि सन १२०८ मध्ये तिने येथेच देह ठेवला. तिचा पुत्र राजा दुसरा पेद्रो हा सन १२१३ मध्ये फ्रान्समधील म्युरेच्या लढाईत पडला. त्याचा देह काही वर्षे तुलूज येथे होता; सन १२१७ मध्ये तो सिहेनास आणून आईच्या सान्निध्यात ठेवण्यात आला. अशा रीतीने हा मठ राजघराण्याचे समाधिस्थान झाला. काही काळ राज्याचे दप्तरही येथेच सांभाळले जात होते.

आरागोनमधील सरदार घराण्यांतील मुली येथे दीक्षा घेत. चौदाव्या शतकात राजा दुसरा जाइमे याची कन्या ब्लांका ही मठाध्यक्षा होती. आसपासच्या गावांवर मठाध्यक्षेचा अधिकार चाले. महसूल, निवाडे, लेखी व्यवहार सर्व मठातून होत. मठाच्या कामकाजाशी संबंध असलेल्या एका नोटरीच्या पोटी सोळाव्या शतकाच्या आरंभी या गावात मिगेल सेर्व्हेत जन्मला. रक्त हृदयातून फुप्फुसात जाऊन परत येते, हे युरोपात प्रथम छापून मांडणारा वैद्य तो हाच. धर्मविषयक मतांमुळे सन १५५३ मध्ये जिनिव्हा येथे त्याला जिवंत जाळण्यात आले. लहानशा गावाच्या नावावर एवढा मोठा इतिहास आहे.

सभादालन आणि त्यातील चित्रे

मठाची खरी कीर्ती त्याच्या सभादालनामुळे झाली. संन्यासिनी रोज ज्या दालनात जमत, नियमावलीचा एक अध्याय वाचीत, आपल्या चुका सर्वांसमक्ष सांगत आणि मठाचे निर्णय घेत, ते हे दालन. त्यात पाच भव्य दगडी कमानी आडव्या टाकलेल्या होत्या आणि त्यांवर मूर कारागिरांच्या वळणाचे नक्षीदार लाकडी छत होते. सन १२०० च्या सुमारास या कमानी व भिंती चित्रांनी भरून गेल्या.

कमानींच्या दोन्ही खांद्यांवर बायबलच्या जुन्या करारातील कथा रंगविल्या होत्या. जगाची उत्पत्ती, आदाम आणि हव्वा, नोहाने बांधलेले तारू, मोशेच्या मागून समुद्र ओलांडणारे लोक, दाविदाला राजा म्हणून झालेला अभिषेक असे प्रसंग त्यांत होते. कमानींच्या पोटात ख्रिस्ताच्या पूर्वजांची मालिका होती आणि भिंतींवर ख्रिस्तचरित्रातील प्रसंग होते. या सर्वांत शेतकऱ्याच्या मनाला भिडावे असे एक चित्र आहे. स्वर्गातून बाहेर घातलेल्या आदामाला एक देवदूत जमीन कशी खणावी हे शिकवीत आहे, असा तो प्रसंग. श्रम ही शिक्षा खरी. पण ती भोगण्याची विद्याही देवानेच दिली, असा त्याचा भाव दिसतो.

ही चित्रे कोणी काढली? स्पेनमधील तत्कालीन भित्तिचित्रांशी त्यांचे वळण जुळत नाही. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्यांची तुलना इंग्लंडमधील विंचेस्टर येथील सुप्रसिद्ध हस्तलिखित बायबलमधील चित्रांशी केली, तेव्हा चेहरे, वस्त्रांच्या चुण्या, हातांच्या मुद्रा यांत विलक्षण साम्य आढळले. त्यावरून इंग्लंडमध्ये तयार झालेले चित्रकार येथवर आले असावेत, असे मत वॉल्टर ओकशॉट आदी विद्वानांनी मांडले. दूरदेशीच्या कलावंतांना एवढ्या आडगावी आणण्याइतके या मठाचे सामर्थ्य होते, हे त्यावरून दिसते.

उतरती कळा

एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या सरकारने मठांच्या जमिनी ताब्यात घेऊन लिलावात काढल्या. मंत्री मेंदिसाबाल याच्या सन १८३६ च्या हुकुमांमुळे देशभरचे मठ ओस पडले. सिहेनाच्या मठाचेही उत्पन्न गेले. संन्यासिनी पुन्हा येऊन राहिल्या. पण एवढ्या मोठ्या वास्तूची निगा राखण्याचे बळ त्यांच्याजवळ उरले नाही. दुरुस्ती लांबणीवर पडू लागली.

या पडत्या काळातही एक महत्त्वाची गोष्ट घडली. सन १९२३ मध्ये सरकारने हा मठ राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. त्या वेळी हा केवळ मानाचा कागद वाटला असेल. परंतु पुढे नव्वद वर्षांनंतर याच कागदाला मोठे मोल आले.

सन १९३६ ची आग

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये गृहयुद्ध भडकले. भावाविरुद्ध भाऊ उभा राहिला आणि धर्मस्थानांवरही त्याचा आघात झाला. ऑगस्टच्या आरंभी सिहेनाच्या मठाला आग लावण्यात आली. ती बरेच दिवस धुमसत होती. सभादालनाचे लाकडी छत जळून खाली कोसळले. राजसमाध्या फोडण्यात आल्या. साडेसातशे वर्षे जपलेली संपत्ती थोड्या दिवसांत राख झाली.

चित्रांचे काय झाले? कमानी दगडी असल्याने उभ्या राहिल्या; परंतु आगीच्या धगीने रंग पालटले. निळे, हिरवे, तांबडे रंग जाऊन करडी व मातकट छटा उरली. वर छप्पर नव्हते. पाऊस आला असता तर उरलेसुरलेही गेले असते.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत बार्सिलोनाचे कलाभ्यासक जोसेप गुडिओल आपल्या माणसांसह सिहेनास आले. चित्रांवर सरस लावलेले कापड चिकटवावयाचे, ते वाळले की ओढून काढावयाचे. म्हणजे रंगाचा पातळ थर कापडाबरोबर सुटून येतो. या रीतीने त्यांनी चित्रे भिंतींवरून उतरविली आणि बार्सिलोनास नेली. तेथे ती नव्या कापडावर चढविण्यात आली. गुडिओल यांनी दुसरेही एक मोठे काम केले होते. आग लागण्याच्या काही महिने आधी त्यांनी या दालनाची छायाचित्रे घेतली होती. दालन पूर्वी कसे होते हे ताडून पाहण्यास त्या छायाचित्रांचा फार उपयोग झाला.

गुडिओल यांनी चित्रे नेली नसती तर ती उरली नसती, हे निर्विवाद आहे. सिहेनाचा पक्ष मांडताना हे उपकार विसरणे न्यायाचे होणार नाही. परंतु आगीतून काढून सुरक्षित ठेवलेली वस्तू वाचविणाऱ्याची होते, की ज्याच्या घरातून काढली त्याचीच राहते? पुढील सारा वाद या एका प्रश्नाभोवती फिरला.

ओस पडलेला मठ

युद्ध संपल्यावर काही संन्यासिनी परत आल्या आणि पडक्या वास्तूच्या एका भागात हलाखीत राहिल्या. सन १९७० च्या सुमारास त्यांना बार्सिलोनाजवळील मठात हलविण्यात आले. मठातील उरलेल्या मौल्यवान वस्तू सांभाळण्यासाठी म्हणून बार्सिलोना व लेरिदा येथील म्युझियममध्ये ठेवण्यात आल्या. भित्तिचित्रे तर सन १९६१ पासून बार्सिलोनाच्या म्युझियममध्ये मुद्दाम तयार केलेल्या दालनात मांडलेली होती आणि जगभरचे रसिक ती पाहून जात होते.

पुढे १९८३, १९९२ आणि १९९४ या वर्षी सिहेनाच्या सुमारे ९७ वस्तूंची विक्री झाली. बार्सिलोनाजवळील मठाच्या वतीने त्या विकण्यात आल्या. घेणारे कॅटलोनियाचे प्रांतिक सरकार आणि बार्सिलोनाचे म्युझियम होते. या व्यवहारात सिहेना गावाला किंवा आरागोन प्रांताला कोणी विचारले नाही. मठात राहणारे कोणी नव्हते. पण गाव होते. गावाने आणि आरागोनच्या सरकारने दाद मागितली.

न्यायालयाची पायरी

हा खटला फार वर्षे चालला. मध्यंतरी सन २०१२ मध्ये देशाच्या घटना-न्यायालयात आरागोनच्या विरुद्ध निर्णय गेला. तेथे प्रकरण संपले असे अनेकांना वाटले. परंतु गावाने व आरागोन सरकारने दिवाणी न्यायालयात वेगळ्या मुद्द्यांवर दावा लावला. सन २०१५ मध्ये उएस्काच्या न्यायालयाने विक्रीचे व्यवहार रद्द ठरविले. सन १९२३ मध्ये मठ राष्ट्रीय स्मारक ठरला होता. त्यामुळे त्यातील वस्तू वाटेल तशा वेगळ्या करून विकता येत नव्हत्या. शिवाय ज्यांनी विकल्या त्यांना सिहेनाच्या मालकीच्या वस्तू विकण्याचा अधिकारच नव्हता. अशा प्रकारे जुना कागद कामी आला. सन २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच निकाल कायम केला.

निकालाची अंमलबजावणी सुखासुखी झाली नाही. सन २०१६ मध्ये बार्सिलोनाकडील पन्नासहून अधिक वस्तू सिहेनास आल्या. लेरिदा येथील ४४ वस्तूंसाठी मात्र ११ डिसेंबर २०१७ रोजी पहाटेच पोलीस बंदोबस्तात माणसे व वाहने पाठवावी लागली. त्यांत सरदार घराण्यांतील संन्यासिनींच्या रंगविलेल्या लाकडी शवपेट्याही होत्या. म्युझियमबाहेर निषेध करणारांची गर्दी होती. इकडे सिहेनास वस्तू पोहोचल्या तेव्हा लोक आनंदाने जमले होते. एकाच दिवशी एका गावी दुःख आणि दुसऱ्या गावी सण. लेरिदाच्या लोकांनीही त्या वस्तू कित्येक वर्षे प्रेमाने जपल्या होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

भित्तिचित्रांचा दावा वेगळा चालला. सन २०१६ मध्ये खालच्या न्यायालयाने व सन २०२० मध्ये उएस्काच्या प्रांतिक न्यायालयाने चित्रे परत करण्याचा आदेश दिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. सिहेनाच्या संन्यासिनींनी चित्रांची मालकी कधीही कोणास दिली नव्हती. म्युझियमकडे ती केवळ ठेव होती. आणि धन्याने मागितली की ठेव परत केली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे.

प्रवाशाला काय दिसते

मठ पाहावयास गेलेल्या माणसाच्या नजरेत प्रथम भरतो तो देवळाचा दरवाजा. एकात एक बसविलेल्या चौदा कमानींचा हा दरवाजा आहे. त्यावर मूर्ती नाहीत, वेलबुट्टी नाही; नुसत्या दगडाच्या वळणांनी त्याला गांभीर्य आले आहे. आत उजेड बेताचा. उत्तरेकडील बाजूस राजघराण्याच्या समाधींची जागा आहे. संन्यासिनींच्या जुन्या शयनदालनांचा जीर्णोद्धार करून तेथे परत आलेल्या वस्तू मांडण्यात आल्या.

बाकीच्या वास्तूत मात्र झालेले काम आणि राहिलेले काम शेजारी शेजारी दिसते. कोठे नवे छत, नवी फरसबंदी. कोठे नुसत्या उभ्या भिंती आणि त्यांत उगवलेले गवत. नवा दगड जुन्या दगडाशेजारी फिकट दिसतो आणि तो ओळखू येतो. जीर्णोद्धाराचे काम टप्प्याटप्प्याने, पैसा उपलब्ध होईल तसे चालले आणि अनेकदा थांबले. मध्यंतरी सन १९८५ नंतर दुसऱ्या एका पंथाच्या संन्यासिनी येथे राहून गेल्या. त्यांच्या वास्तव्याने मठात कित्येक वर्षांनी पुन्हा प्रार्थना सुरू झाली होती.

सभादालनाच्या कमानी अनेक दशके उघड्या आभाळाखाली होत्या. पुढे त्यांवर छप्पर घालण्यात आले. चित्रे परत येतील या आशेने आरागोन सरकारने दालनात हवेतील उष्णता व ओल आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बसविली. मे २०२५ मध्ये अंतिम निकाल लागला तेव्हा दालन सजून उभे होते आणि भिंती, काही पुसट अवशेष सोडले तर, कोऱ्या होत्या.

निकालानंतरही प्रश्न लगेच सुटला नाही. बार्सिलोनाच्या म्युझियमने निकाल मान्य केला. पण आगीत होरपळलेली, कापडावर चढविलेली ही चित्रे इतकी नाजूक आहेत की हलविताना त्यांची हानी होईल, अशी भीती तेथील तज्ज्ञांनी व्यक्त केली. योग्य काळजी घेतल्यास ती नेता येतील, असे आरागोनच्या तज्ज्ञांचे म्हणणे पडले. दोन्ही पक्षांना चित्रे जगावीत असेच वाटत होते. ती कोठे जगावीत यावर एकमत नव्हते. ज्या चित्रांसाठी लढा दिला तीच प्रवासात दुखावली गेली तर जिंकल्याचे समाधान कोणास मिळणार? उलट, नाजूक आहे म्हणून ठेव परत करावयाची नाही असे ठरले, तर विश्वासाने ठेव कोण ठेवील? दोन्ही प्रश्नांत वजन आहे आणि म्हणूनच हा विषय कठीण आहे.

या इतिहासापासून घ्यावयाचा बोध

सिहेनाच्या लोकांनी दगडचुन्याचे काम सरकारवर व कारागिरांवर सोपविले; पण आपल्या मठाचे काय काय होते आणि ते कोठे गेले, याचा विसर त्यांनी पडू दिला नाही. न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते जुने कागद आणि ठेव ही ठेवच असते हा साधा नियम. सन १९२३ मध्ये कोणीतरी मठाची नोंद करून ठेवली, सन १९३६ मध्ये कोणीतरी छायाचित्रे घेतली, कोणीतरी चित्रे आगीनंतर उतरविली. त्या वेळी त्यांपैकी कोणालाही पुढचे दिसत नव्हते. प्रत्येकाने आपल्या हातून होईल तेवढे केले आणि त्या सर्वांच्या पुण्याईवर पुढच्या पिढीचे काम उभे राहिले.

म्हणून कोणत्याही देवस्थानाचे काम करणाऱ्यांनी जशी देणगीची पै न् पै लिहून ठेवावी, तशीच देवाच्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवावी. मूर्ती, समया, घंटा, पालखी, ताम्रपट, जुन्या वह्या यांची यादी करावी, छायाचित्रे काढावीत आणि ती एकाच घरी न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. बाहेर दिलेल्या वस्तूची पोच घ्यावी. भिंत पडली तर पुन्हा बांधता येते; आठवण पुसली गेली तर काय बांधावयाचे हेच कळत नाही.

सिहेनाचा मठ बांधणाऱ्या राणीला आठशे वर्षांनंतरच्या या घडामोडींची कल्पना असणे शक्य नव्हते. तिने जागा दिली, द्रव्य दिले, नियम घालून दिले आणि शेवटी आपला देहही त्याच भूमीत ठेवला. तिचे काम आगीने, लिलावाने आणि विक्रीने खंडित केले. पण संपविले नाही, कारण ते आपले आहे असे म्हणणारे एक छोटे गाव शिल्लक होते. अपुरे राहिलेले काम ही लाजेची गोष्ट नव्हे. जे काम पुढच्या पिढीला आपले वाटते ते अपुरे राहिले तरी मरत नाही. सिहेनाचा जीर्णोद्धार अशाच कामांपैकी एक आहे.